महालांतील वाडे व पायीं चालण्याचा रस्ता

गांधी दरवाज्याखालून महालांत शिरणाऱ्या मनुष्याची चाल आपोआप मंदावते, ही गोष्ट त्याच्या स्वतःच्याहि ध्यानांत सहसा येत नाहीं. सिव्हिल लाइन्सच्या रुंद रस्त्यावर तो झपाझप पाय उचलतो, कारण तेथें एका फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत कुंपणाच्या भिंतीखेरीज पाहण्यासारखें कांहीं नसतें. महालाच्या गल्लींत मात्र दर आठ-दहा पावलांवर नवें दार, नवा ओटा, कोठें शिवणयंत्राचा आवाज, तर कोठें फोडणीचा वास. पावलांस थबकावयास तेथें कारण मिळतें.

या विषयाकडे आमचें लक्ष एका विद्यार्थ्याच्या निबंधामुळें गेलें. ‘माझें घर’ या नेहमींच्या विषयावर लिहितांना त्यानें शेवटीं एकच ओळ घातली होती कीं, आमचा वाडा लवकरच पाडणार आहेत. चौकशी करतां असें कळलें कीं, घर तीन भावांचें, वापर चार चुलींचा, छपराची दुरुस्ती दरवर्षीं डोईजड होत चाललेली; सबब जागा बांधकाम करणाऱ्या मंडळीस देऊन तेथें सदनिकांची इमारत उठवावी असा घरांत विचार चालू आहे. मुलगा खिन्न होता. परंतु वाड्यांत नेमकें काय चांगलें आहे, तें त्यास सांगतां येईना. तें शोधावें म्हणून हिंवाळ्यांतील दोन रविवारीं आम्ही नववीच्या बारा मुलांस घेऊन महालांत हिंडलों. फीत, दोरी, पांच फुटी काठी व वह्या एवढेंच साहित्य बरोबर होतें. त्यावेळीं जें मोजलें व जें समजलें, तें विद्यार्थी व पालक यांजपुढें ठेवीत आहों.

आरंभीं थोडा इतिहास सांगणें अवश्य आहे. देवगडच्या गोंड राजांपैकीं बख्त बुलंद शहा यानें अठराव्या शतकाच्या अगदीं आरंभीं कांहीं लहान खेडीं एकत्र करून नागपूर वसविलें; त्याच्या मागून आलेल्या चांद सुलतानानें तें आपली राजधानी केलें, सभोंवार तट घातला व जुम्मा तलाव बांधला. तोच आजचा गांधीसागर, आणि ज्यास आज आपण गांधी दरवाजा म्हणतों तो पूर्वींचा जुम्मा दरवाजा. पुढें रघूजी भोसल्यांच्या हातीं राज्य गेल्यावर राजवाड्याभोंवतीं कारभारी, शिलेदार, पुराणिक, सोनार, शिंपी अशांची वस्ती दाट होत गेली. भोसल्यांचा काळ्या पाषाणाचा, कोरीव लांकूडकामानें नटलेला राजवाडा १८६४ सालीं आगींत जळाला. वस्ती मात्र राहिली. ही वस्ती घोडा, पालखी व मुख्यतः माणसाचे पाय यांच्या मापानें आंखली गेली होती. कोणतेंहि रोजचें काम घरापासून दहा मिनिटांच्या चालीपलीकडे नसावें, हा तिचा न लिहिलेला नियम होता.

आतां घराकडे वळूं. वाडा रस्त्यास कसा भेटतो, हा खरा पाहण्याचा भाग आहे. प्रथम दगडी जोतें; त्यावर दाराच्या दोन्ही अंगांस ओटा; मध्यें मोठें दार व त्याच्या एका फळींत माणसापुरती दिंडी; दारांतून आंत गेलें कीं देवडी; देवडीनंतर चौक; चौकाभोंवतीं पडवी व सोपा; त्यामागें माजघर, देवघर, स्वयंपाकघर; आणि अखेरीस परसूं व विहीर. परक्या मनुष्याचें काम ओट्यावर संपतें, ओळखीचा देवडींत येतो, पाहुणा सोप्यावर बसतो, आप्त माजघरांत जातो. एका घरांत इतक्या पायऱ्या असल्यामुळें दार दिवसभर उघडें ठेवतां येत असे. हल्लींच्या सदनिकेंत दार उघडलें कीं पाहुणा एकदम बैठकीच्या मध्यावर. म्हणून तें दार सदा बंद असतें. देवडीचें दार बहुधा चौकाच्या अगदीं समोर न ठेवतां किंचित् बाजूस ठेवीत. त्यामुळें दार उघडें असलें तरी रस्त्यावरून आंतलें कांहीं दिसत नाहीं.

ओट्याची उंची मुलांनीं सात घरीं मोजली. ती बहुतेक ठिकाणीं दोन ते अडीच फूट भरली. इतकीच कां? एका मुलास ओट्यावर बसविलें व दुसऱ्यास रस्त्यावर उभें केलें, तेव्हां उत्तर सांपडलें. बसलेल्या मोठ्या मनुष्याचे डोळे बैठकीपासून सुमारें अडीच फूट वर असतात. त्यांत ओट्याची उंची मिळविली म्हणजे पांच फूट होतात. रस्त्यावरून चालणाऱ्याचे डोळेहि जवळजवळ तेवढ्याच उंचीवर. म्हणजे बसलेला व चालणारा एकमेकांस सरळ नजरेनें पाहतात. कोणास मान वर करावी लागत नाहीं, कीं खालीं घालावी लागत नाहीं. ओटा चार फूट उंच असता तर तो मंच झाला असता, आणि अर्धा फूट असता तर त्यावर गटाराचें पाणी आलें असतें.

त्या विद्यार्थ्याची आजी रोज चार वाजतां ओट्यावर येऊन बसते. आम्हीं फीत धरून उभे असतां तिनें विचारलें, “मास्तर, उंची कशाला मोजतां? मला विचारा. तिसऱ्या मजल्यावर नेऊन बसवलं तर भाजीवाली मला ओळखेल काय?” या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. अमेरिकेंतील जेन जेकब्स या विदुषीनें १९६१ सालीं प्रसिद्ध केलेल्या शहरांवरील ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, रस्ता सुरक्षित ठेवण्याचें काम पोलिसांहूनहि अधिक, त्या रस्त्याकडे लागलेले घरांतील व दुकानांतील माणसांचे डोळे करीत असतात. आजीनें तो ग्रंथ वाचलेला नाहीं. पण शाळा सुटल्यावर गल्लींतलें कोणतें मूल अजून घरीं पोंचलें नाहीं, हें तीच प्रथम सांगते.

घरें एकमेकांस लागून आणि दर्शनी भाग अरुंद, हें या वस्तीचें दुसरें लक्षण. ज्या गल्लींत आम्हीं मोजलें तेथें एका घराचा दर्शनी भाग सरासरीनें वीस फुटांच्या आसपास होता. मनुष्याचें पाऊल अडीच फुटांचें धरलें तर शंभर पावलांत अडीचशें फूट होतात व तेवढ्यांत एका बाजूस बारा दारें लागतात. शंभर फुटी कुंपणाच्या बंगल्यांच्या रस्त्यावर त्याच अंतरांत दोन किंवा तीन. चालण्याचा कंटाळा अंतरानें येतो असें आपण समजतों. पुष्कळ वेळां तो ओसाड भिंतींनीं येतो.

परंतु नागपुरांत चालणें म्हटलें कीं उन्हाचा विचार सर्वांआधीं. मे महिन्यांत येथें पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. आपलें शहर २१ अंश अक्षांशाच्या थोडें उत्तरेस असल्यामुळें २६ मेच्या सुमारास दुपारीं सूर्य बरोबर डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली क्षणभर नाहींशी होते. त्या दिवसांचें गणित मुलांनीं वर्गांत केलें. उत्तर-दक्षिण जाणारी बारा फूट रुंदीची गल्ली, दोन्ही बाजूंस वीस फूट उंचीचीं घरें. अशा ठिकाणीं सूर्य क्षितिजापासून ५९ अंश वर येईपर्यंत गल्लीच्या जमिनीवर कोठेंच ऊन पडत नाहीं. घड्याळाच्या भाषेंत म्हणजे सकाळीं दहाच्या जरा आधींपर्यंत आणि दुपारीं अडीचच्या सुमारानंतर ती सबंध गल्ली सावलींत असते. हीच घरें चाळीस फुटी रस्त्याच्या कडेस असलीं, तर सबंध सावली सकाळीं साडेसातपर्यंतच व सायंकाळीं पावणेपांचनंतर मिळते. रुंद रस्त्यास मोकळी हवा मिळते हें खरें. पण नागपूरच्या उन्हाळ्यांत अकरा वाजतां शाळेंतून परतणाऱ्या मुलाच्या डोक्यावर ती मोकळी हवा काय बरसते, तें आईबापांस सांगावयास नको.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. पूर्व-पश्चिम बोळांत हा लाभ फारच थोडा. उन्हाळ्यांत सूर्य बोळाच्या लांबीबरोबरच डोक्यावरून जातो. अशा ठिकाणीं जुन्या लोकांनीं ओट्यावर कवेलूंची छपरी पुढें काढली, वरच्या मजल्याचा सज्जा बाहेर आणला, आणि जाणाऱ्यास त्याखालून चालतां येईल अशी सोय केली. हे सज्जे आपल्याच घरासाठीं काढलेले. सावली मात्र सगळ्या गल्लीस.

चौकाचेंहि गणित असेंच मौजेचें आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास नागपुरांत भर दुपारीं सूर्य क्षितिजापासून सुमारें ४५ अंश वर असतो. अर्थात् काठीची सावली काठीएवढीच पडते. चौकाच्या दक्षिणेस बारा फूट उंचीची वळचण व चौकाची उत्तर-दक्षिण लांबी सोळा फूट असली, तर सावली बारा फुटांवर संपून पलीकडील चार फुटांत ऊन पडतें. थंडीच्या दिवसांत आजी कोठें बसते, मसाला कोठें वाळतो, तान्ह्या मुलास तेल कोठें लावितात, याचा उलगडा तेथेंच होतो. परंतु त्याच चौकाभोंवतीं मजले चढवून वळचण बावीस फुटांवर नेली, तर हिंवाळ्यांत जमिनीवर ऊन मुळींच येत नाहीं; तें समोरच्या भिंतीवर सहा फुटांच्या वर अडकतें. मागाहून माड्या चढविलेले वाडे अंधारे व ओलसर कां झाले, याचें कारण हें आहे. दोष चौकाचा नसतो, माप न पाहतां वाढविलेल्या उंचीचा असतो. चौक हवेचेंहि काम करतो. रात्रीं उघड्या आकाशाखालीं त्याची फरशी निवते, थंड हवा तळाशीं बसते, व दोन फूट जाडीच्या भिंती दिवसाची उष्णता आंत येण्यास विलंब लावितात. भर दुपारीं माजघरांत पंख्यावांचून झोंप लागे ती यामुळें. सागवानी खांब दगडी तळखड्यावर उभे करीत, म्हणजे जमिनीची ओल व वाळवी लांकडास लवकर लागत नसे. कवेलू मात्र दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं उतरवून पुन्हां बसवावे लागतात, आणि त्यावर माकडें उड्या मारतात तें वेगळेंच. हें काम जाणणारे कारागीर आतां थोडे उरले आहेत. विद्यार्थ्याच्या वडिलांची मुख्य तक्रार हीच होती.

वाड्यांची स्तुति करतांना त्यांचे दोष झांकणें हा खोटेपणा होईल. माजघर अंधारें, शौचकूप परसांत दूर, एकान्त जवळजवळ नाहींच. ओट्यावर बसण्याचा मान बहुतेक पुरुषांचा. घरांतील सुना रस्ता पाहत तो माडीच्या जाळींतून. याहून मोठी गोष्ट अशी कीं, ओट्याची पायरी सर्वांस सारखी खुली नव्हती. जातीवरून कोणी रस्त्यावरच उभें राहावें व कोणी वर यावें हें ठरलेलें असे, आणि आळ्याहि तशाच वेगळ्या. एका मुलानें आपल्या आजोबांकडून ऐकलेली अशी हकीकत वर्गांत सांगितली, तेव्हां वर्ग कांहीं वेळ अगदीं शांत होता. ओट्याची दोन फूट उंची डोळ्यांस समान करते हें आम्हीं वर लिहिलें. मनें समान करण्याचें काम दगडानें होत नाहीं. नवें घर बांधणाऱ्यांनीं ओटा ठेवावा तो या गोष्टीचें स्मरण ठेवून ठेवावा.

आतां सध्यांची स्थिति. नागपूर सुधार प्रन्यासाचा कायदा १९३६ सालचा. तेव्हांपासून शहराचा विस्तार आंखीव भूखंडांनीं होत गेला. अलीकडच्या वर्षांत महालांतहि केळीबाग रस्ता रुंद करण्यासाठीं घरें पाडण्यांत आलीं. दाट वस्तींत जी नवी इमारत उठते तिचा तळमजला बहुधा खांबांवर मोकळा असतो व तेथें वाहनें उभीं राहतात. रस्त्यावरून जाणाऱ्यास ओट्याच्या जागीं लोखंडी सरकतें फाटक व त्यामागें काळोख दिसतो. एक मोटार उभी करण्यास व तिला आंत-बाहेर फिरविण्यास सुमारें अडीचशें चौरस फूट जागा लागते. दहा फूट बाय बारा फूट अशा दोन खोल्या तींत मावतात. घरांत आजीस जागा नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं हा हिशेब एकदां करून पाहावा.

पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडितानें १९१४ पासून पुढें कांहीं वर्षें हिंदुस्थानांतील अनेक शहरें पायीं हिंडून पाहिलीं. १९१९ सालीं तो मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. जुन्या वस्तींतून सरळ रुंद रस्ता फाडीत नेण्यास त्याचा विरोध होता. त्याचें म्हणणें असें कीं, वैद्य जसा रोगी भाग तेवढाच कापतो, तसें एखादें पडकें घर काढावें, तेथें मोकळी जागा व झाड ठेवावें, कोठें कोपरा कापून गाडी वळेल असें करावें, आणि बाकी वस्ती तशीच राहूं द्यावी. हें काम नकाशावर रेघ ओढण्याहून कठीण, कारण त्यासाठीं प्रत्येक गल्ली पायानें तुडवावी लागते.

अमेरिकेंत फ्लॉरिडा प्रांतीं सीसाइड नांवाचें एक लहान गांव १९८१ पासून वसविण्यांत आलें. तेथील नियमांत घरांस रस्त्याच्या बाजूनें पडवी असावी असें घातलें आहे, हेतु हा कीं बसलेला मनुष्य व चालणारा मनुष्य यांची भेट व्हावी. मोटारींवर वाढलेल्या देशास जी गोष्ट नियम करून परत आणावी लागली, ती आपल्या महालांत अजून थोडीबहुत आहे. याहून जवळचें उदाहरण म्हणजे नव्या मुंबईंत बेलापूर येथें चार्ल्स कोरिया यांनीं १९८० नंतरच्या दशकांत सिडकोसाठीं केलेली वसाहत. तेथें सात-सात घरें सुमारें आठ मीटर लांबी-रुंदीच्या एका लहान चौकाभोंवतीं बसविलीं. असे तीन चौक मिळून मोठा चौक. प्रत्येक घर स्वतंत्र भूखंडावर, शेजाऱ्याशीं भिंत सामाईक नाहीं. त्यामुळें कुटुंब वाढेल तसें घर वाढवितां येतें. घरें उंच नाहींत, तरी वस्ती विरळ नाहीं. तेथील पुष्कळ मूळ घरें लोकांनीं पुढें बदललीं. पण चौकांत मुलें खेळतात.

हें सर्व ऐकून विद्यार्थ्याच्या वडिलांनीं जो प्रश्न केला तो टाळण्यासारखा नव्हता. ते म्हणाले, “मास्तर, ओट्याचं कौतुक खरं. पण आईला रात्री दवाखान्यांत न्यायचं झालं तर गाडी दारांत येत नाही. आग लागली तर बंब कसा यायचा?” १८६४ चें उदाहरण आम्हीं आधींच दिलें होतें, त्यामुळें आम्हांस गप्प बसावें लागलें. त्यांच्या दारापासून गाडी येऊं शकते त्या चौकापर्यंतचें अंतर मुलांनीं मोजलें. तें १८० पावलें भरलें. तीन मिनिटांहून कमी चाल. चौघांनीं खाट उचलली तर पांच मिनिटें. परंतु वाटेंत दोन ठिकाणीं उभ्या केलेल्या फटफट्यांमुळें खाट वळेल इतकी वाट राहत नव्हती, आणि एका कोपऱ्यावर पडक्या घराची भिंत रस्त्यांत आली होती. अडचण गल्लीच्या सबंध रुंदीची नव्हती, त्या तीन जागांची होती. आगीच्या बाबतींत मात्र वडिलांचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. कोठें ना कोठें बंब शिरूं शकेल असा मार्ग प्रत्येक आळीस पाहिजेच, व त्यासाठीं एखाद्या घराचा कोपरा द्यावा लागला तर तो द्यावा. जुन्या विहिरी बुजवूं नयेत, ही त्याचीच दुसरी बाजू.

शेवटीं त्या मुलानें व त्याच्या दोन मित्रांनीं चौकटीच्या कागदावर एक नकाशा काढला. जागा २४ फूट रुंद व ७२ फूट खोल. दार उत्तरेस, बोळ पूर्व-पश्चिम. पुढचे २६ फूट तीन मजल्यांचे, मध्यें २० फुटांचा चौक, मागचे २६ फूट दोन मजल्यांचे. दक्षिणेकडील भाग वीस फुटांहून उंच नसल्यामुळें डिसेंबरांत दुपारचें ऊन चौक ओलांडून पुढल्या भागाच्या पायथ्याशीं पोंचतें. तीन भावांस तीन स्वतंत्र घरें होतात, जिना चौकांतून वर जातो, तळमजल्यावर पुढें चार फूट रुंदीचा ओटा, त्यावर सज्जाची सावली, त्यास लागून आजीची खोली व दुसऱ्या बाजूस काकांचें शिलाईचें दुकान. देवडी दोन दुचाक्या राहतील एवढी रुंद. मोटारीस घरांत जागा नाहीं. चार-पांच घरांनीं मिळून चौकाजवळ भाड्यानें जागा घ्यावी असें कागदाच्या कडेस लिहिलें आहे. ओट्यास दोन पायऱ्या व एका अंगास उतार दाखविला आहे. कोणीहि वर यावें म्हणून, असें त्यानें आम्हांस सांगितलें. छपराऐवजीं गच्ची धरली आहे व गच्चीचें पाणी विहिरींत सोडलें आहे. नागपुरांत वर्षाकाठीं सुमारें ४५ इंच पाऊस पडतो, तेव्हां विहीर उन्हाळ्यांतहि कांहीं काळ साथ देईल.

नकाशांत चुका आहेत. मागच्या भागाच्या न्हाणीघरास उजेड नाहीं, दुसऱ्या मजल्यावरील स्वयंपाकघराचा धूर बैठकींत येईल, आणि खर्चाचा आंकडा मुलांनीं धरलेलाच नाहीं. नगरपालिकेचे नियम या मापांस मान्यता देतील कीं नाहीं, तें परवानाधारक स्थापत्यविशारदासच विचारावें लागेल. वडिलांनीं कागद घडी करून खिशांत ठेवला व अक्षय्यतृतीयेपर्यंत भावांशीं बोलतों असें सांगितलें.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं, तान्ह्या पोळ्यास, चाकांचे लांकडी बैल ओढीत आळींतील मुलें या ओट्यासमोर येतात व आजी प्रत्येकाच्या हातावर बोजारा ठेवते. आम्हीं निरोप घेतांना तिनें नकाशा पाहण्यास मागितला, चष्मा लावला, व आपली खोली कोठें आहे तें बोट ठेवून विचारलें. मुलानें दाखविलें. “खिडकी ओट्याकडे आहे ना?” तिनें विचारलें. खिडकी काढावयाची राहिली होती. मुलानें तेथेंच बसून ती काढली.